मला उमजलेले : कुमार गंधर्वांच्या निमित्ताने

ज्यांच्या स्मरणार्थ आपली शाळा दरवर्षी हे व्याख्यान योजते, त्या आमच्या सरांच्या हाताखाली मी १९६० च्या दशकात मराठी शिकलो. त्यामुळे निमंत्रण आले तेव्हा ते नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न विषयाचा होता. आजच्या विद्यार्थ्यांवर घरच्यांच्या, समाजाच्या अपेक्षांचे जे ओझे असते आणि त्यातून मुलाने स्वतःला कसे घडवावे, यासंबंधी काही सांगावे, अशी कार्यकारिणीची इच्छा होती. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. उभे आयुष्य साहित्य शिकविण्यात गेले. तेव्हा मी उपदेश न करता इथून चाळीस किलोमीटरच्या आत, देवासला जगल्या गेलेल्या एका आयुष्याच्या आधाराने हा विषय आपल्यापुढे उलगडून पाहावा, असे ठरविले. ते आयुष्य पंडित कुमार गंधर्वांचे. २०२४ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली.

पण त्यापूर्वी सरांची एक आठवण सांगितली पाहिजे, कारण हा विषय माझ्यापुरता तिथून सुरू होतो. १९७० च्या दशकात मी महाविद्यालयात नुकताच अधिव्याख्याता झालो होतो. ज्या प्राध्यापकांनी मला पुण्यात शिकविले होते, त्यांची माझ्यावर मोहिनी होती. ते कवितेची ओळ म्हणण्यापूर्वी चष्मा काढीत, क्षणभर खिडकीकडे पाहत. मीही तसेच करी. त्यांचे हेल, त्यांचे विराम, त्यांचे ठेवणीतले विनोद, सारे मी उचलले होते. आणि आपली माळव्याची मराठी, जिच्यात आपण ‘येऊन राहिलो आहे’ म्हणतो, कुणाशी ‘गोष्ट करतो’, ती मी जिभेवरून जवळजवळ खरवडून काढली होती. पुण्यातल्या पहिल्याच महिन्यात वर्गमित्र तिला हसले होते, हे त्याचे कारण. एका ग्रंथालयात माझे व्याख्यान झाले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. सर शेवटच्या ओळीत बसले होते. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून ते एवढेच म्हणाले, “अरे, बोललास उत्तम. आता तू कधी बोलणार?”

मला राग आला. तो राग बरीच वर्षे टिकला, आणि तो का टिकला याचे उत्तर मला कुमारांच्या चरित्रात सापडले.

कुमार गंधर्व हे त्यांचे जन्मनाव नव्हे. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हे त्यांचे नाव. जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी या गावचा. मातृभाषा कानडी. घरात गाणे होते; वडील स्वतः गात. सातआठ वर्षांचा होईतो या मुलाची एक शक्ती उघड झाली. तो ग्रामोफोनवर ऐकलेली मोठमोठ्या गवयांची मुद्रिका जशीच्या तशी गाऊन दाखवी. अब्दुल करीम खाँ असोत की फैयाज खाँ, त्यांची जागा, त्यांची हरकत, त्यांचा दमसास हुबेहूब. एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटले आणि ते नाव चिकटले. गावोगाव जलसे होऊ लागले. लोक गर्दी करीत, कौतुक करीत, बिदाग्या देत.

येथे जरा थांबू या. अपेक्षांचे ओझे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विरोध करणारा बाप, नावे ठेवणारा समाज येतो. या मुलाला कोणी विरोध केला नव्हता. त्याला जे मिळत होते ते प्रेम होते, आणि त्या प्रेमाची अट एकच होती : काल गायलास तसेच आज गा. विरोधाशी भांडता तरी येते. कौतुकाशी कोण भांडतो? पुढे अनेक बालकलावंत या कौतुकातच विझले. आवाज फुटला, वय वाढले, आणि नक्कल करणाऱ्या मोठ्या माणसाचे कोणाला अप्रूप नसते.

शिवाय नक्कल म्हणजे नेमके काय, हेही पाहिले पाहिजे. त्या काळची ध्वनिमुद्रिका एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे वाजे. गवई एरवी जो राग तासभर मांडील, त्याचा तो गोठविलेला अर्क. गाताना गवयापुढे पावलोपावली प्रश्न असतात : आता वर जावे की इथेच रेंगाळावे, हा स्वर दाखवावा की झाकून ठेवावा. मुद्रिकेत त्या प्रश्नांची उत्तरे तेवढी उरतात. नक्कल करणाऱ्याच्या हाती दुसऱ्याची उत्तरे येतात; प्रश्न त्याला कधी पडलेलेच नसतात. म्हणून नक्कल कितीही निर्दोष असली तरी ती पुढे सरकत नाही. माझा चष्मा काढणे याच जातीचे होते. माझे गुरुजी खिडकीकडे पाहत ते कदाचित ओळ आठवण्यासाठी असेल. मला ओळ पाठ असे. तरी मी पाहत असे.

१९३६ च्या सुमारास हा मुलगा मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला आला. देवधर हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. ऑपेरा हाऊसजवळ त्यांचे संगीत विद्यालय होते. या गृहस्थांविषयी माझ्या मनात फार आदर आहे. त्या काळी घराण्याची विद्या बंद पेटीत ठेवण्याची रीत होती. गुरूला सोडून दुसऱ्याचे गाणे ऐकणेसुद्धा काही ठिकाणी अपराध गणले जाई. देवधर नेमके उलटे. नाना घराण्यांच्या चिजा त्यांनी जमविल्या, नाना गवयांना आपल्या विद्यालयात आणले आणि विद्यार्थ्यांना सांगितले, ऐका. कुमारांना अंजनीबाई मालपेकरांचेही मार्गदर्शन मिळाले. ज्याच्या कानात आधीच दहा गवई बसले आहेत, त्याला अकराव्याचा साचा देण्याऐवजी सगळ्यांकडे डोळसपणे पाहायला लावले, तर तो हळूहळू तुलना करू लागतो. आणि तुलना करू लागला की निवड करणे आले. शिक्षकाचे खरे काम यापेक्षा फारसे वेगळे असते असे मला वाटत नाही.

मुंबईत तरुण कुमारांचे नाव झाले. १९४७ साली भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याही देवधरांच्याच विद्यालयात गाणे शिकलेल्या. आणि याच सुमारास क्षयाचे निदान झाले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या जानेवारीत हे दांपत्य देवासला आले. गाणे बंद, बोलणेही जपून. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली अमेरिकेत सापडले होते. पण ते इकडे हाती येईपर्यंत क्षयाच्या रोग्याने अंथरुणावर पडून राहावे, एवढाच उपचार होता. साधारण पाच वर्षे अशी गेली. औषधाने प्राण वाचले, मात्र एक फुप्फुस जवळपास निकामी झाले.

ज्याला लहानपणापासून गाण्यावाचून दुसरी ओळख नाही, त्याला चोविसाव्या वर्षी सांगितले जाते की गायचे नाही. त्या पाच वर्षांत कोणाची काही अपेक्षा उरली नव्हती. जलसे नाहीत, फर्माइशी नाहीत, टाळ्या नाहीत. लोकांच्या लेखी तो गवई संपला होता. अपेक्षांचे ओझे उतरण्याची ही तऱ्हा भीषण खरी, पण उतरले ते उतरले.

मग उरले ऐकणे. देवास तेव्हा लहान गाव होते. माताजीच्या टेकडीची सावली, मातीचे रस्ते. लग्नघरांतून बायकांची गाणी ऐकू येत. सणावाराची, ऋतूंची, न्हाणाची, बाळंतिणीची गाणी. एकतारी घेऊन दारावरून जाणारे नाथपंथी जोगी निर्गुणी भजने म्हणत. मुंबईत असताना असे गाणे कुमारांच्या कानांवर पडले असते तर त्यांनी काय केले असते कोण जाणे. कदाचित हुबेहूब गाऊन दाखविले असते! आता गळा बंद होता. नक्कल करण्याची सोयच नव्हती. म्हणून ते गाणे गळ्याच्या वाटेने न जाता विचारात उतरले. या निरक्षर स्त्रिया चारपाच स्वरांतच फिरतात, मग ही धून अपुरी का वाटत नाही? हा गंधार कोमल म्हणावा तर कोमल नाही, शुद्ध म्हणावा तर शुद्ध नाही; मग तो चुकीचा का वाटत नाही? दुसऱ्याची उत्तरे गाणाऱ्या मुलाला आता प्रथमच स्वतःचे प्रश्न पडले.

त्यातून जे निघाले ते संगीताच्या जाणकारांना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. राग म्हणजे आरोह-अवरोहाचा नियमबद्ध आराखडा, तो शास्त्रातून आला, आणि लोकगीत ही त्याची अशिक्षित धाकटी बहीण, अशी आपली सर्वसाधारण समजूत. कुमारांनी ती फिरविली. त्यांचे म्हणणे असे की धून आधी, राग नंतर. लोकधुनेत जे बीजरूपाने आहे तेच वाढून राग होतो. आणि हे त्यांनी नुसते म्हटले नाही. माळव्याच्या धुना टिपून घेतल्या, त्यांची स्वरलेखने केली आणि त्यांतून नवे राग उभे केले. त्यांना त्यांनी ‘धुनउगम राग’ हे नाव दिले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, मधसुरजा ही नावे आपल्या परिचयाची असतील. लगनगंधारात गंधाराच्या निरनिराळ्या छटा एकत्र नांदतात. पोथीत जी चूक ठरली असती तीच त्या रागाचे मर्म आहे. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह मौज प्रकाशनाने काढला. त्यात हे सारे स्वरलिपीसह पाहायला मिळते.

१९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले आणि लोक चकित झाले. पूर्वीचा कुमार कोठे गेला? लहान लहान तुकड्यांचे, एकाएकी झेपावणारे आणि तसेच थांबणारे हे गाणे कोणाचे? येथे एक रूढ समजूत आहे तिच्याविषयी माझे मत नोंदवितो. एक फुप्फुस गेले, दमसास कमी झाला, म्हणून गाणे असे झाले, असे सर्रास म्हटले जाते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. क्षयाने दम गेलेले गाणारे त्या काळात आणखीही असतील. त्यांचे गाणे थांबले किंवा तोकडे झाले. जे उरले आहे त्यातच पुरते गाणे शोधायचे, हा निर्णय शरीर करीत नाही, माणूस करतो. कमी स्वरांतही काही उणे राहत नाही, हे त्याला दारावरून जाणाऱ्या बायकांनी आधीच दाखवून दिले होते.

टीका अर्थातच झाली. घराण्याची शिस्त नाही, विलंबित अपुरे, रागांची मोडतोड. वामनराव देशपांडे यांचा ‘घरंदाज गायकी’ हा मोलाचा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. घराण्यांच्या सौंदर्याची मीमांसा करणारा. घराणे ही त्या काळी केवढी मोठी ओळख होती, हे त्यावरून ध्यानात यावे. अशा काळात एक माणूस सांगत होता की मला घराणे नाही. पण गंमत अशी की याच वामनरावांचे चिरंजीव सत्यशील देशपांडे पुढे कुमारांकडेच शिकायला गेले. मोठ्या मतभेदांची अशी उत्तरे आयुष्य परस्पर देऊन टाकते.

मी घराण्यांच्या विरुद्ध बोलत नाही. आपल्याच इंदूरचे उस्ताद अमीर खाँ यांनी अब्दुल वहीद खाँ, रजब अली खाँ, अमान अली खाँ या तिघांच्या गाण्यांतून घेतले आणि त्या तिघांपैकी कोणासारखेही नसलेले गाणे केले. घेतल्यावाचून कोणाचेच होत नाही. ‘स्वतःसारखे व्हा’ असे आजकाल मुलांना फार सांगितले जाते. जणू प्रत्येकाच्या आत एक तयार ‘स्वतः’ पेटीत बंद आहे आणि झाकण उघडायचा अवकाश. कुमारांच्या गाण्यातले काय त्यांचे होते? धुना माळव्याच्या, भजने कबीराची, बंदिशींची भाषा हिंदी-माळवी, तालीम देवधरांची, मातृभाषा तर कानडी. एकेक वेगळे काढू गेलो तर सारेच दुसऱ्याचे. आणि तरी दोन स्वर कानांवर पडले की डोळे मिटून सांगावे, हे कुमार.

याचा उलगडा मला एका शीर्षकाने झाला. कुमारांनी बालगंधर्वांच्या नाट्यपदांचा कार्यक्रम केला, त्याचे नाव ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्वांची नक्कल महाराष्ट्रात दोन पिढ्यांनी केली. त्यांचे गाणे, शालू नेसण्याची ढब, लाजणे, मान वेळावणे, सारे. आणि लहानपणी नकलेचा बादशहा असलेला हा माणूस बालगंधर्व गायला उभा राहिला तेव्हा त्याने नक्कल केली नाही. भाषेचा शिक्षक म्हणून मला त्या ‘उमजलेले’ शब्दाचे मोल वाटते. आपण ‘समजून-उमजून’ असे जोडीने म्हणतो आणि दोन्ही एकच समजतो. पण समज बाहेरून देता येते. ‘त्याला जरा समज द्या’ असे आपण म्हणतो. ‘उमज द्या’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. उमज पडावी लागते. तळाशी गेलेली वस्तू वेळ येताच पाण्यावर यावी, तशी ती वर येते. आणि ‘मला’ हा शब्दही पाहा. त्यात बालगंधर्वांवर हक्क सांगणे नाही. हे एवढेच माझ्या वाट्याला आले, अशी कबुली आहे. स्वत्वाची आणि विनयाची एकाच शब्दात अशी गाठ मी अन्यत्र क्वचित पाहिली आहे.

एक गोष्ट मात्र कुमारांविषयी लिहिताना बाजूला राहते. त्या पाच वर्षांत भानुमतीबाईंनी देवासला शिक्षिकेची नोकरी करून घर चालविले आणि रोग्याची शुश्रूषा केली. १९६१ साली त्यांचे अकाली निधन झाले. देवासच्या घराचे नाव ‘भानुकुल’ आहे. त्या स्वतः गाणाऱ्या होत्या. त्यांना काय उमजले होते, ते ऐकायला आपल्याला मिळाले नाही. एखाद्याला स्वतः होण्यासाठी जो अवकाश लागतो, तो बहुधा कोणीतरी दुसरे माणूस आपल्या आयुष्यातून काढून देत असते. आणि आपल्या घरांत ते माणूस कोण असते, हे येथे बसलेल्या पुरुषांना सांगायला नको.

माळव्यातच दुसरे उदाहरण कुमारांचे स्नेही विष्णु चिंचाळकर, आपले ‘गुरुजी’. देवळालीकर मास्तरांच्या इंदूरच्या चित्रशाळेत बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे शिकले, त्याच परंपरेतले हे चित्रकार. चित्रकार म्हणून नाव झालेले असताना त्यांनी ती वाट सोडली आणि वाळकी पाने, काटक्या, टाकाऊ वस्तू यांत आकार पाहू लागले. २००० साली ते गेले. राहुल बारपुते, बाबा डिके, कुमार आणि गुरुजी अशी ती चौकडी होती. चौघांच्याही वाटा निराळ्या; कोणी कोणाची नक्कल केली नाही आणि कोणी कोणाला सोडलेही नाही.

कुमारांना १९९० साली पद्मविभूषण मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासला त्यांचे देहावसान झाले. मी त्यांचे गाणे इंदुरात अनेकदा ऐकले. एकदा मैफलीहून घरी परतताना सरांचा तो प्रश्न अचानक आठवला आणि प्रथमच त्याचा राग आला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तुकारामाचा अभंग शिकविताना मी चष्मा काढला नाही. एका शब्दाचा अर्थ सांगताना अडखळलो आणि तोंडून माळव्यातला आमच्या आजीचा शब्द निघून गेला. मुले हसली. पण पुण्यातल्या त्या हसण्याहून ते निराळे होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, आमची आजीपण हेच म्हणते.” त्या दिवशी तो अभंग मी जरा बरा शिकविला असावा.

आता एक कबुली. मागच्या वर्षी एका शालेय गायन स्पर्धेला मी परीक्षक होतो. एका मुलीने दूरचित्रवाणीवर गाजलेले गाणे म्हटले. सूर, ताल, श्वास, मूळ गायिकेचा तो अर्धवट हुंदकासुद्धा, काही सुटले नाही. तिच्यानंतर एक लहान मुलगी आली. तिने पितृपक्षातल्या संजेचे गाणे म्हटले. शेणाची संजा भिंतीवर काढून माळव्यातल्या मुली जे म्हणतात, ते. आजीने शिकविले म्हणाली. चार स्वर, मध्येच विसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, आणि दुसऱ्या खेपेला एक ओळ तिने आजीहून वेगळी म्हटली असावी, कारण स्वतःशीच हसली. आम्ही तिघा परीक्षकांनी गुण मांडले. पहिले पारितोषिक पहिल्या मुलीला गेले, एकमताने; माझेही मत तेच. नियमांप्रमाणे दुसरे काही होण्यासारखे नव्हते.

धाकटीच्या कागदावर शेऱ्याची एक ओळ मोकळी होती. बाकीच्या दोघांनी ‘सराव हवा’ असे लिहिले होते. मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग लिहिले : ‘ही दुसरी ओळ कोणाची? पुढच्या वर्षी पुन्हा म्हणून दाखव.’